पुढच्या रांगेतल्या टाळ्या

शनिवार, गेवराई

आज धारूरच्या महोत्सवात माझ्या पथकातल्या पोरींनी हलगी वाजवली आणि अख्खा मंडप डोलला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, जिंकलो आपण.

आजोबांनी बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच हलगी सोडली. गावाच्या वरातीपुढं, मयतीपुढं, पोळ्याला भाकरतुकड्यावर वाजवणं बंद म्हणजे बंद. ती मी पुन्हा हातात घेतली, म्हणून माझे वडील, अण्णा, माझ्या एकाही कार्यक्रमाला येत नाहीत. ही कला आहे, असं किती वेळा समजावलं त्यांना!

खाली उतरले तर तेच टाळ्या वाजवणारे गृहस्थ पुढं आले. म्हणाले, "लई भारी वाजवितात पोरी. पोळ्याला आमच्या बैलाम्होरं पाठवा की. जेवून जातील."

प्रेमानं म्हणाले. तेच टोचतंय. आणि मी हसले. कशापायी हसले? पोरी बघत होत्या.

घरी आले तर अण्णा दारातच बसलेले. "टाळ्या पडल्या का?"

"लई पडल्या."

बाकीचं गिळलं. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुणाच्या बैलाम्होरं बोलावलं?"