कोशातला ताण

१२ जून

चि. खारीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने दोनदा वाचून दाखवलं. तू शब्दकोशाच्या कचेरीत बसून ‘ताण, टेन्शन’ ही नोंद लिहितेस आणि त्याचंच तुला टेन्शन आलंय म्हणे. जेवण जात नाही. ही नोंद संपादकबाईंना पसंत पडली तरच नोकरी कायम, तेही कळलं. लॅटिनात ताणणं, ग्रीकमध्ये तारेचा सूर, संस्कृतात तंतू, सगळे एकाच घराण्यातले. एवढे नातलग तर तुझ्या काकूच्या लग्नालाही जमले नव्हते.

पण बाई, ताण म्हणजे निव्वळ त्रास, असं तू लिहिलंस ते मला पटलं नाही. चाळीस वर्षं मी मागावर बसले. उभे धागे सैल असले की कापड झोळीसारखं निघतं. सकाळी तळहात फिरवून बघायचं, धागे हाताला उलट उत्तर देतात की नाही. काम संपलं की मात्र ताण उतरवून ठेवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुटके धागे जोडत बसा. तुझ्या आजोबांना हे कधी जमलं नाही, मागावरही आणि घरातही.

काकू म्हणतेय, भाषा जरा सुधारते. मी म्हटलं, बोलते तशीच उतरव.

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

आजी (हस्ते काकू)

२० जून

ती. आजीस, लांबूनच पाया पडते.

संपादकबाईंनी नोंद परत केली होती. म्हणाल्या, परक्या भाषांची वंशावळ भरपूर, आपल्या माणसाचं एक वाक्य नाही. घाबरून मी तुझं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. आजोबांच्या ओळीपाशी पोचल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. आता मागावरचा ताण पहिल्या अर्थाला, त्रास तिसऱ्याला. खाली तुझं वाक्य: “काम संपलं की ताण उतरवून ठेवायचा.” पुढे ‘विणकरीण, तोंडी’. नोकरी कायम झाली. काल दोनदा जेवले.

आहे तसाच लोभ राहू दे.

तुझी खार

२८ जून

चि. खारीस आशीर्वाद.

तुझी बातमी मी तीन घरी सांगून आले. आजोबा रुसलेत. कोशात जायची त्यांची एकुलती संधी तुम्ही गाळलीत.

छापलेलं पान पाठव. काकू वाचून दाखवील, पण ती कायम घाईत. तेव्हा माझ्या वाक्याशेजारी शाईचं एक टिंब कर. म्हणजे ती घरात नसली तरी मला माझ्या बोलण्यावर बोट ठेवता येईल.

आजी (हस्ते काकू)