आईची गादी

प्रिय दादा,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. फाडू नकोस, आधी वाच.

तुझी शेंबडी बहीण शेवटी ऑपरेशन करून आली. सायनसमध्ये मांसाचे कोंब वाढले होते, ते दुर्बिणीतून काढले. दोन दिवस दोन्ही नाकपुड्या पट्टीने ठासून भरलेल्या. नर्सने ती ओढायला घेतली तर संपेचना मेली! मेंदूच बाहेर येतोय असं वाटलं. तू असतास तर हसून लोळला असतास. आता रोज मिठाच्या पाण्याने नाक धुते, खपल्या निघतात. शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं. उशा पुरेनात, म्हणून माळ्यावरची आईची गादी काढायला लावली आणि दुमडून पाठीशी घेतली.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून नाकाखाली कॉफी धरली होती. मला काहीच कळलं नाही. म्हणाले, वास जाऊन चार-पाच वर्षं तरी झाली असतील. इतका हळूहळू गेला की मला पत्ताच नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळे म्हणायचे, मुलगी असावी तर अशी, जरा नाक मुरडत नाही. मीही फुगले होते रे. आणि तू आलास, दारातच नाकाला रुमाल लावलास, म्हणालास, अगं केवढा वास येतोय, तिची पाठ बघ. माझं डोकंच फिरलं. दहा मिनिटांचा पाहुणा मला स्वच्छता शिकवणार! नाही नाही ते बोलले तुला. तू गेल्यावर रागाने मी पाठ बघितलीच नाही. कुशीवर वळवलं की ती कण्हायची, मग मीही सोडून द्यायचे. आठवड्याने घरी बोलावलेल्या नर्सने वळवलं तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. आई गेल्यावर तुला मात्र मी सांगितलं, वयच झालं होतं.

ती सारखी म्हणायची, खिडकी उघड गं. मला गार वारं सोसायचं नाही, मी लावून घ्यायचे. वर तिच्यावरच ओरडायचे. कशासाठी उघडायची ते तिने कधी सांगितलं नाही. लाजली असेल.

काल सकाळी वासानेच जाग आली. इतक्या वर्षांनी पहिला वास, आणि तो त्या गादीचा. दोन वर्षांनंतरही मला नाक दाबावं लागलं, दादा. आई त्यात रात्रंदिवस पडून होती. तू खरं बोलत होतास. मी तुला आईच्या शेवटच्या दिवशीही घरात घेतलं नाही. शिंकरायला बंदी आहे, त्यामुळे धड रडताही येत नाही. गादी टाकवत नाही, ठेववत नाही. कालपासून खिडकी सताड उघडी ठेवलीय. एकदा ये, आणि मला काय बोलायचं ते बोल.

तुझीच,
शेंबडी