मिग की सेबर: एकदाचा निकाल

२ जुलै १९७८, रविवार
नवी वही सुरू. आजपासून ठरलं. मिग-१५ भारी की सेबर, हा प्रश्न मी कायमचा निकाली काढणार. कोरियाची लढाई संपून पंचवीस वर्षं झाली. तिथं ही दोन जेट विमानं एकमेकांना भिडली, आणि अजून दुनियेत कुणी ठाम बोलायला तयार नाही. तज्ज्ञ खूप आहेत, पण त्यांत स्टोअर कीपर एकही नाही. मोजून-तोलून घेणं हे स्टोअरवाल्याचं काम.
मुदत १५ ऑगस्ट. पूर्ण तटस्थ राहायचं.
(मिगच भारी आहे.)

३ जुलै
रोज पहाटे साडेचारला उठून अभ्यास करायचा, असा निश्चय. सव्वासातला उठलो. सुगंधाला विचारलं, उठवलं का नाही. म्हणाली, उठवलं होतं, तुम्ही "टेक ऑफ घेतो" म्हणालात आन् कूस बदलली.

५ जुलै
गुलमंडीच्या रद्दीवाल्याकडून एक रशियन आणि दोन अमेरिकन मासिकं मिळाली. रशियन मासिकात मिगचे फोटो रंगीत, पण आकडे एकही नाहीत. विमानाशेजारी गव्हाची पेंढी घेतलेली बाई उभी आहे. अमेरिकन मासिकात नुसते आकडे. मिगचं "सीलिंग" पन्नास हजार फूट. सीलिंग म्हणजे छत. एका माणसाच्या विमानाला एवढं छत कशाला, कळेना. रशियात बर्फ फार पडतं, हे कारण असावं. तसं लिहून ठेवलं.

६ जुलै
जेवायच्या सुट्टीत पुंडलिकला छताचं सांगितलं. पुंडलिक हिवराळे आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात टर्नर आहे. नऊ वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खातो. नाइट स्कूलला मॅट्रिक झालेला. तो घास हातात धरून हसायला लागला. म्हणाला, "येड्या, सीलिंग म्हणजे विमान किती उंच जाऊ शकतं ते."
मला माहीत होतंच. त्याची परीक्षा घेतली.
कालच्या टिपणाची दोन पानं फाडली.

९ जुलै
पुंडलिक सेबरवाला आहे. त्याला आठवण करून दिली की पासष्ट साली पाकिस्ताननं हेच विमान आपल्यावर आणलं होतं. म्हणाला, "इमानाला देश नसतो, त्याला फिटिंग असतं." टर्नर लोकांचं हे असंच.
माझे पॉइंट: मिग हलकं. मिग वर चढायला वस्ताद. मिगला तीन तोफा, त्यातली एक सदतीस मिलिमीटरची. सेबरला सहा मशिनगन, त्याही अर्ध्या इंचाच्या.
त्याचे पॉइंट: तोफ मोठी, पण गोळ्या थोड्या अन् सावकाश. सेबरच्या नेम धरायच्या यंत्राला रडार जोडलेलं. सूर मारताना सेबर स्थिर, मिग थरथरतं. आणि सेबरची अख्खी आडवी शेपटी हलते.
शेपटीवर काल डबा खाताना आमचं कडाक्याचं भांडण झालं. पलीकडच्या बाकावरचे लोक उठून गेले.
सुगंधाला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. तिनं विचारलं, ह्यातलं एखादं तुम्ही डोळ्यानं बघितलंय का. मी म्हणालो, लहानपणी पिशोरला बापाची मेंढरं राखताना डोक्यावरून एक गेलं होतं. कोणतं होतं? ते ढगात होतं.

१४ जुलै
मोठी बातमी! कामगार क्लबचा सेक्रेटरी साहेबराव यानं १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं दिली. झेंडावंदनानंतर लेक्चर. मॅनेजरसाहेब, सगळ्या शिफ्टचे लोक. मी पाऊण तास मागितला होता. सुरुवात म्हणून ठीक आहे.

१८ जुलै
लेक्चरसाठी पत्र्याची दोन मॉडेल बनवायची. पुंडलिकनं लेथवर दोन्हींची लाकडी नाकं काढून दिली. मिगचं नाक सेबरपेक्षा गुळगुळीत काढलं. म्हणाला, "तुझंच हाय म्हणून जरा जास्त हात मारला." विरोधकाचा असा मोठेपणा दिसला की मला शंका येते. तो मनातून डळमळीत झाला आहे.

२४ जुलै
कँटीनमध्ये हल्ली कुणी दुसरं बोलत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं की नाही. चहा गार होतो तरी वाद चालू. मी त्यात पडत नाही. माझ्या डोक्याला जेट इंजिनाचा विषय आहे. शिवाय तटस्थपणाची सवय मोडली तर लेक्चरवर परिणाम होईल.

२८ जुलै, शुक्रवार
काल विधानसभेत ठराव झाला, नाव बदलणार. शहरात रात्रीच गडबड सुरू झाली म्हणतात. आज कारखान्यात निम्मे लोक.
दुपारी साहेबराव चार-पाच जणांना घेऊन आमच्या बाकाशी आला. म्हणाला, "त्रिंबक, तू कुणीकडचा? नाव पायजे का नको?" समोर पुंडलिक डबा सोडत होता.
मी म्हणालो, "आमची कोरियाची लढाई अजून मिटली नाय, ही दुसरी कुठं गळ्यात घालता?"
सगळे खदाखदा हसले. काय टायमिंग! साहेबराव पाठीवर थाप मारून गेला. कुणालाच दुखवलं नाही.
पुंडलिक हसला नाही. त्याला विनोद उशिरा कळतो.

२९ जुलै
पुंडलिकनं लेथपाशीच डबा खाल्ला. काम जास्त असावं. मशीन मात्र बंद दिसलं.

३१ जुलै
पुंडलिक गैरहजर. रविवारी त्याच्यासाठी मिगच्या चढाईचा नवा आकडा काढून ठेवला होता. त्याला सुगावा लागला की काय?

२ ऑगस्ट
आजही नाही. शहरात बंद, एसटी बंद, खेड्यांतून वाईट बातम्या येतात. पुंडलिकनं ह्या गडबडीचा बरोबर फायदा घेतला. सरळ हार मानायची तर ती मानायची नाही, गैरहजर राहायचं.
आज मॉडेलची चाचणी घेतली. कारखाना अर्धा दिवसच होता. पाण्याच्या टाकीवर चढून आधी मिग सोडलं. अपेक्षा अशी की ते संथ तरंगत लिंबापर्यंत जाईल. ते सरळ खाली, घरमालकीण लक्ष्मीबाईंच्या पत्र्यावर. धाडकन. पाठोपाठ सेबर. धाडकन.
लक्ष्मीबाई "दगडं आले, दगडं आले" करत बाहेर. गल्लीतली दारं पटापट बंद. कोपऱ्यावरचा टपरीवाला फळ्या लावून पळाला. समोरच्या आप्पासाहेबांनी माजघरातून काठी आणली आणि कुणावर उगारावी ते न कळून मधोमध उभे राहिले. मी टाकीवरून ओरडून सांगत होतो की हा वैज्ञानिक प्रयोग आहे. कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं.
निष्कर्ष: दोन्ही विमानं सूर मारण्यात उत्तम.

४ ऑगस्ट
पुंडलिकचा पत्ता नाही. टाइम ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाला, त्याच्या गावाकडं काहीतरी झालंय, जालन्याच्या बाजूला. गाव म्हटलं की कुणाला तरी काहीतरी झालेलंच असतं. मी पंधरा दिवसांची रजा अशाच कारणानं घेतली होती. तेव्हा म्हैस व्याली होती.
लेक्चरमध्ये त्याचं नाव घेऊन आभार मानायचे, असं ठरवलं. हरलेल्याचा मान ठेवावा.

६ ऑगस्ट, रविवार
सुगंधा सकाळपासून भाकरी थापत होती. शेवटी म्हणाली, "माणूस आठ दिस दिसंना, आन् तुम्ही वहीत काय हुडकता?" आणि डब्यात भाकरी-पिठलं बांधून हातात दिलं. भाकरी मोजून वीस. मी म्हणालो, एका माणसाला एवढ्या? म्हणाली, जावा तर खरं.
वही बरोबर घेतली. शरणागती लेखी घेतलेली बरी.
मुकुंदवाडीला त्याची एक खोली आहे. दाराबाहेरच इतक्या चपला होत्या की मला वाटलं, चुकून लग्नघरात आलो. मग बघितलं तर जोड एकही पुरा नाही. आत अकरा माणसं. पुंडलिक बाहेर गेला होता, जखमी चुलत्याला घेऊन दवाखान्यात. त्याची आई भिंतीला टेकून बसलेली. घाईत हाताला लागली म्हणून आणलेली एक रिकामी चरवी मांडीवर धरून.
मी नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुम्हीच का ते इमानवाले? पुंडलिक लई सांगतो तुमचं."
तिला विमान म्हणायचं होतं.
मग सांगत राहिली. गावात रात्री घरं पेटवली. आधी कडब्याच्या गंजी, मग छपरांची आढी. पेटवणारे ओळखीचे. शेळी दाव्याला होती, सोडायला कुणी मागं फिरू शकलं नाही. शेतातून चालत, सकाळी रेल्वेच्या रुळाला लागले. सगळं न रडता सांगितलं. शेवटी विचारलं, "तुम्ही आधी का नाय आले? तो रोज म्हणायचा, त्रिंबक येईन."
मी म्हणालो, एसटी बंद होती. चिकलठाणा ते मुकुंदवाडी. सायकलवर दहा मिनिटं लागतात.
भाकरी ठेवून निघालो. वही पिशवीतून काढली नाही.

७ ऑगस्ट
उद्या परत जायचं. पुंडलिकला भेटायचंच.

८ ऑगस्ट
स्टोअरमध्ये माल आला. जमलं नाही.

९ ऑगस्ट
सायकल पंक्चर. (खरं म्हणजे हवा कमी होती.)

११ ऑगस्ट
सुगंधा दोनदा जाऊन आली. लुगडी दिली, पुंडलिकच्या आईशी बसून आली. मी विचारलं, पुंडलिक काही म्हणाला का माझ्याबद्दल. म्हणाली, नाही. बरं वाटायला पाहिजे होतं.

१४ ऑगस्ट
ठरलं. कायमचं ठरलं. उद्या विमानं बाजूला. स्टेजवर उभं राहून सरळ सांगायचं: आपल्या कारखान्यातल्या माणसाचं घर जाळलं. नऊ वर्षं आपल्यात बसून डबा खाणारा माणूस. कुणी काय केलं, आपण काय केलं. नाव द्यायलाच पाहिजे, हेही सांगायचं. साहेबरावला काय वाटायचं ते वाटो. भाषण पाठ केलं. सुगंधाला म्हणून दाखवलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला शिरा करून दिला. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ
झेंडावंदन झालं. साहेबराव कानाशी म्हणाला, पंधरा नाही, पाचच मिनिटं, आणि वातावरण बघून बोल. माइक हातात आला. पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब, त्यांच्या मागं साहेबरावची माणसं, सगळ्यात मागं भिंतीशी लेथ सेक्शनचे तिघंचौघं. पुंडलिक नव्हता.
म्हणालो, "बंधूंनो." पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. अगदी जिभेवर.
मग म्हणालो, "मिग-१५ हे विमान पन्नास हजार फूट उंच जाऊ शकतं."
पाच मिनिटांत चढाई, तोफा, वजन, सगळं बसलं. एकदाही अडखळलो नाही. टाळ्या पडल्या. मॅनेजरसाहेबांनी स्वतः पेढा दिला. भिंतीशी असलेले लोक आधीच निघून गेले होते.
घरी सुगंधानं विचारलं, बोललात का. मी म्हणालो, बोललो.

१८ ऑगस्ट
पुंडलिक कामावर आला. वाळला आहे. डाव्या हाताला पट्टी.
दुपारी मी आपणहून त्याच्या लेथपाशी डबा घेऊन गेलो. त्यानं पिंप सरकवून जागा केली. आईचं विचारलं. बरी आहे म्हणाला. चुलत्याचं विचारलं. आहे, म्हणाला. त्यानं डबा उघडला.
मग तोच म्हणाला, "भाषण चांगलं झालं म्हणतेत तुमचं."
मी म्हणालो, ठीक झालं.
"मिगच भारी," तो म्हणाला. "तुमचंच खरं, त्रिंबकराव."
नऊ वर्षांत ह्या माणसानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.
मी म्हणालो, असं कसं, अरे सेबरचं नेम धरायचं यंत्र बघ, रडार लावलेलं. म्हणाला, व्हय. म्हणालो, सूर मारताना मिग थरथरतं, तूच सांगितलं होतंस, सेबर कसं स्थिर. म्हणाला, व्हय. शेपटीचं सांगितलं. मिगच्या गोळ्या किती थोड्या ते सांगितलं. मिग म्हणजे नुसतं वर चढायचं, कामाच्या वेळेला काही नाही, असंसुद्धा म्हणालो. जोरजोरात बोलत होतो. हात करत होतो. त्यानं एकदा जरी "येड्या" म्हटलं असतं!
तो भाकरी खात होता. सावकाश, एका हातानं. मधूनमधून म्हणायचा, व्हय, व्हय.
भोंगा झाला. तो लेथवर गेला, मी स्टोअरमध्ये आलो.
मिग जिंकलं.