कुंभिवलीचा रोल

१६ एप्रिल १९७८, कर्जत
उकाडा. पासपोर्टचे तीन, शाळेच्या दाखल्याचे दोन. दु. कुंभिवलीचे गोमाजीबाबा आले, बरोबर नात सुमन. ७ मेला तिचं लग्न. फोटो माझ्याकडेच. तारीख लिहून घेत होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, माझ्या आईच्या लग्नाचे फोटोबी तुमच्याच दुकानानं काढले हुते ना? आमच्याकडं तिचा एकबी फोटो नाय."
आई म्हणजे यमुना, बाबांची मुलगी. सुमन वर्षाची व्हायच्या आत ती गेली. आईचा चेहरा हिला ठाऊकच नाही. बाबा छपराकडे बघत बसले होते. मी "बघतो" म्हटलं आणि उगीचच कॅमेरा पुसायला घेतला.

१७ एप्रिल
इथे तरी खरं लिहावं.
१९५९. दुकान काकांचं, मी चोवीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली. यमुनेच्या लग्नाला मी गेलो होतो. एक रोल, बारा फोटो. त्या घराने बौद्ध धर्म घेऊन दोनेक वर्षं झाली होती. परत आलो तर काका म्हणाले, "ते राहू दे बाजूला. आधी खोतांचं लग्न धुऊन काढ." फिल्म धुवायच्या डेव्हलपरची पावडर तेव्हा मुश्किलीने मिळायची, हे खरं. पण पावडर आल्यावरही तो रोल बाजूलाच राहिला. 'त्यांचं' काम, म्हणून.
दीड महिन्याने गोमाजीबाबा फोटो न्यायला आले. काकांनी मला पुढे केलं. "रोल बिघडला," असं मी सांगितलं. मी. काकांनी नाही.
काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. सगळं त्यांच्यावर ढकलणं आता फार सोपं आहे.

१९ एप्रिल
सापडला! माळ्यावर, बिस्किटाच्या गंजक्या डब्यात. चिठ्ठी माझ्याच अक्षरात, 'कुंभिवली, यमुना'. खोक्यावरची मुदत १९६० ची. कागद दमट, आंबूस वास. एकोणीस पावसाळे खाल्लेत त्याने.
सौ.चं म्हणणं, "आधी त्यांना सांगा, मग काय ते करा." मी म्हटलं, आधी आत काय आहे ते बघू, उगाच मुलीला आशा कशाला लावायची. वर वर शहाणपणाचं वाटतं. खरं कारण, निदान एक फोटो हातात घेऊन सांगायला जाता आलं तर लाज थोडी कमी वाटेल.

२१ एप्रिल
दोन दिवस एकच विचार. कुठला डेव्हलपर?
जुन्या फिल्मवर आपोआप काळपट थर धरतो, फॉग. डेव्हलपरला चित्र कुठलं नि फॉग कुठला ते कळत नाही, दोन्ही वर आणतो. काकांचा मऊ डेव्हलपर हळू चालतो, सावलीतलं बारीकसारीक सगळं काढतो. फोटोच्या कागदाला वापरतो तो कडक, दोन-तीन मिनिटांत काम उरकतो, पण पांढऱ्याकाळ्याचे नुसते ठोकळे उरतात. चेहरा हवा तर मऊ. मला तरी असं वाटतं. मी आयुष्यभर मऊच वापरला.
एकदा ओतला की संपलं. परत मागे येता येत नाही.

२३ एप्रिल
शेलूला जाऊन आलो. पेडणेकर, मुंबईच्या एका छापखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत तीस वर्षं काढलेला माणूस, आता दारात पडवळाचा मांडव घालून बसलाय. रोल हातात घेऊन हुंगला.
"कडक वापर. ब्रोमाइड दुप्पट घाल, फॉग दबतो. पाणी माठातलं घे. पटकन आत, पटकन बाहेर. जुन्या फिल्मला गोंजारत बसलास की फॉगच वर येतो."
"पण चेहरा?"
"चेहरा असेल तर दिसेल रे. आधी तुकडा कापून बघ. शहाणा आहेस ना?"

२६ एप्रिल
तुकडा कापायला भीती नाही, कारण आमच्या दुकानाची रीत. ज्या घरी काम, त्या घरच्या देवाचा फोटो आधी. प्रत्येक रोलवर पहिला देव, मग माणसं. काकांनी घालून दिलेली, मी आजवर मोडली नाही. म्हणजे बारांतला पहिला फोटो देवाचा. तो गेला तरी चालेल, देव रागावणार नाही.
उद्या स. तेवढाच तुकडा, मऊ डेव्हलपरमध्ये. पेडणेकर काही म्हणो. तुकड्यावर फसला तर उरलेल्याला कडक आहेच.
माठ अंधाऱ्या खोलीत नेला. घरात सगळे कोमट पाणी पितायत. सौ.चा चेहरा बघण्यासारखा.

२७ एप्रिल
लिहवत नाही.

२८ एप्रिल
काल काय झालं ते.
अंधारात बोटांनी फिल्म कागदाला जोडणारी चिकटपट्टी चाचपली. पहिला फोटो त्याच टोकाला असतो. सहा बोटं मोजून कापलं. बाकीचा रोल परत गुंडाळून डब्यात. मऊ डेव्हलपर, अकरा मिनिटं. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून काढून खिडकीशी धरला. राखेसारखा फॉग, सगळीकडे सारखा. मधोमध एक काळा आकार, खाली रुंद, वर निमुळता. देवाची तसबीर चौकोनी हवी होती.
भिंग लावलं. पदर होता. पांढरं लुगडं निगेटिव्हमध्ये काळं दिसतं. त्यावर माळ. माळेच्या वर मान, अर्धा कान, आणि कानाच्या पुढे नुसतं राखाडी. चेहरा फॉगने खाल्ला.
मग आठवलं. एकोणीस वर्षांत एकदाही नाही, नेमकं तेव्हा. मी मांडवात विचारलं होतं, "देवघर कुठं? पहिला फोटो देवाचा घेतो." गोमाजीबाबा म्हणाले होते, "आमच्यात आता देव नाय, दादा. नदीत सोडले. पोरीचाच काढा पयला." आणि तिला म्हणाले, "वर बघ गं. लाजू नको." तिने मान वर केली, थेट कॅमेऱ्यात बघितलं. त्यानंतर दिवसभर मान खाली. माळा घालताना, जेवताना, निघताना. मी दोनदा सांगितलं तरी खालीच.
घर कुणाचं तेच विसरलो. कडक डेव्हलपर हवा होता, एवढं मात्र आता नक्की कळलं. काय उपयोग!

३० एप्रिल
कुंभिवलीला गेलो. सौ. म्हणाली, "मी येते." नको म्हटलं.
ओटीवर बसून सगळं सांगितलं. रोल बिघडला नव्हता, बाजूला ठेवला होता. का ठेवला तेही. आणि तीन दिवसांपूर्वी पुन्हा काय करून बसलो ते.
गोमाजीबाबा म्हणाले, "तवाच ठावं हुतं मला. रोल बिघाडला म्हनताना तुमी माज्याकडं बघितलं नाय." 
"मग बोलला का नाहीत?"
"कुनाला बोलू? पोरीचं नुकतंच लगीन झाल्यालं. म्हनलं, पोर हाय की समोर, फोटो काय करायचाय. ती जाईल असं कुनाला वाटलं हुतं?"
सुमनने तुकडा दाराच्या उजेडात धरला. "हे काळं काय हाय?"
"लुगडं. पांढरं होतं."
"आजोबा सांगत्यात पांढरं हुतं म्हनून. ते खरं निघालं म्हंजे." मग तशीच उभी. "बाकीच्या अकरांत ती हाय?"
असेल, म्हटलं, पण मान खाली असेल. एखाद्यात वर असेलही. मला सांगता येत नाही.
रडली नाही. म्हणाली, "माझ्या लग्नाआधी धुवू नका. नाय निघाली तर त्या दिवशी मी कशी उभी राहू? आनि धुवाल तवा मी आत उभी राहनार. तवर रोल माझ्याकडं द्या. तुमच्याकडं नाय ठेवायचा."
बरोबरच होतं. पिशवीतून डबा काढून दिला. एवढंच सांगितलं, थांबलं की रोल आणखी खराब होतो, झाकण उघडू नको आणि तांदळात पुरून ठेव, दमट लागणार नाही.
एस.टी.त बसल्यावर रडू आलं. शेजारच्याने खिडकी उघडून दिली, गरमीने जीव घाबरा झाला असेल असं वाटलं त्याला.

७ मे
सुमनचं लग्न. देवाचं विचारलं नाही. पहिला फोटो तिचा. "वर बघ" म्हणायची गरज पडली नाही, ती बघतच होती. सरळ, जरा रागाने. मीच भिंगाआड खाली बघितलं.
चार रोल. मुलगा खालापूरचा, कचेरीत शिपाई. साधा वाटला.

९ मे
चारही रोल कालच धुतले, आज कागदावर घेऊन स्वतः पोचते केले. दुकान हातात आल्यापासून इतक्या लवकर कुणाचं काम दिलं नसेल. गोमाजीबाबांनी एकेक फोटो धोतराच्या सोग्याने हात पुसून घेतला. सुमन सासरी गेलेली. डबा? "घिऊन ग्येली. तिकडं तांदळाच्या कनगीत ठेवनार म्हनली."

२१ मे
पेडणेकर कर्जतला बाजाराला आला होता. त्याला म्हटलं, कडकच. ब्रोमाइड दुप्पट. चहा पिऊन गेला. त्याने सांगितलं तेव्हा मी कुठे ऐकलं होतं.
हवेत दमटपणा वाढतोय. दर दिवसाला थोडा फॉग.

२ जून
गोमाजीबाबा आले. खालापूरला नातीला भेटून परस्पर इकडे. मी विचारायच्या आत म्हणाले, "तुमी इचाराल म्हनून मीच तिला इचारलं. म्हनलं, थांबल्यानं रोल अजून खराब व्हतो का गं? म्हनली, व्हतो, काका बोलले हुते."
"मग?"
"म्हनली, आमी एकोनीस वर्सं थांबलो. काकांनाबी थोडं थांबू द्या. यीन मी."
चहा घेतला नाही. अंधाराआधी घरी पोचायचं म्हणाले.
पावडरी तोलून पुड्या बांधून ठेवल्यात, चार. ब्रोमाइडची वेगळी. आयत्या वेळी ताजा डेव्हलपर करायला पाव तास पुरे. माठ रोज सकाळी भरतो. सौ. आता पाण्यावरून काही बोलत नाही. दुकानाच्या दारात सावली पडली की मान वर करून बघतो. आज दिवसभरात सात गिऱ्हाइकं झाली.