रोज दोन पानं

४ फेब्रुवारी, सकाळी
चिऊच्या वर्गशिक्षिकेनं काल शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, सहावीतली मुलगी, एक ओळ सलग वाचत नाही. महिनाअखेरीला वाचनाची परीक्षा आहे, त्यात नापास झाली तर सहावी पुन्हा. रात्रभर डोळा लागला नाही. हे म्हणाले, तुझ्यावर गेलीय. मी मॅट्रिक पास, तेही पहिल्या झटक्यात. देवाला साकडं घातलं.
संकल्प: रोज एक धडा दहा वेळा मोठ्यानं वाचून घ्यायचा. रागवायचं नाही.

५ फेब्रुवारी
रागावले. तिसऱ्या वेळेलाच. धडा तिला ऐकून ऐकून पाठ झालाय, बोट मात्र भलत्याच ओळीवर. ती रडली. मग मीही. देवघरात, म्हणजे कुणाला दिसलं नाही.

८ फेब्रुवारी
शाळेच्या लायब्ररीतल्या बाईंनी तिला गोष्टीचं पुस्तक दिलंय. परीक्षा तोंडावर आणि गोष्टी! हिसकावूनच घेणार होते. पाहते तो ही कोपऱ्यात बसून अडखळत अडखळत एकटीच वाचतेय. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या. माझ्या दहा वेळांचा गुण आला म्हणायचा.

९ फेब्रुवारी
आज अकरा पानं! याला काही धरबंध? नव्वद पानांचं पुस्तक. अशी उधळपट्टी केली तर परीक्षेपर्यंत गोडी कुठून उरणार? साखर असो की गोष्ट, पुरवून वापरावी.
योजना: रोज दोन पानं. पुढच्या पानांना कपड्यांचे दोन चिमटे. पुस्तक माझ्या कपाटात, किल्ली कमरेला.
चिऊ म्हणाली, आई, असं कुणी वाचतं का? म्हटलं, आपल्या घरात वाचतात.

१४ फेब्रुवारी
कुकर लावून मी शेजारी बसते. फक्त उच्चार तपासायला. हरवलेल्या बहिणीला शोधत नदीकाठानं निघालेल्या एका पोरीची गोष्ट आहे. आज नेमकी तिची होडी उलटली आणि दोन पानं संपली. चिऊनं विचारलं, अजून एक वाचू? मी ठाम राहिले. नियम म्हणजे नियम.
भाजी करपली. गॅसच मोठा होता.

१५ फेब्रुवारी, दुपारी
एक चिमटा सैल वाटला, म्हणून नीट लावायला गेले. पोरगी पोहून काठाला लागली, एवढंच दिसलं. एकच पान. जपात चित्त लागलं नाही. डास फार झालेत.

२० फेब्रुवारी
चिऊ आता भराभर वाचते. पण उत्सुकता म्हणून नाही. बहिणीची ओढणी काट्यात अडकलेली सापडली तरी ही शांत. उसासे मीच टाकतेय. पोरीचं मन उडालं की काय? आठ दिवस राहिले.

२८ फेब्रुवारी
पास! वर्गशिक्षिका म्हणाल्या, अनोळखी उतारा न अडखळता वाचला. मी त्यांना दोन पानांची पद्धत समजावून सांगितली, चिमट्यांसकट. म्हणाल्या, हो का. पालकसभेत सगळ्यांना सांगावं म्हणते.

१ मार्च
पुस्तकाची मुदत संपली. वाढवून घ्यायला स्वतः लायब्ररीत गेले. म्हटलं, चिऊची शेवटची तीसेक पानं राहिलीत. बाई हसल्याच. म्हणाल्या, अहो, दुसरी प्रत इथंच आहे, तिनं केव्हाच संपवलं. मधल्या सुट्टीत रोज येते, डबा खायचंसुद्धा भान नसतं. त्यानंतरची चार झाली. वाढवायचीय का मुदत?
म्हटलं, छे. पुस्तक टेबलावर ठेवून आले.
घरी तिला विचारलं, सगळं वाचून झालं होतं, मग माझ्यासमोर रोज दोन पानं कशाला वाचायचीस? मान खाली घालून म्हणाली, तेवढा वेळ तू रागवायची नाहीस.
बहीण सापडते का, ते मात्र विचारलं नाही. आईनं कसं विचारायचं?
संध्याकाळी कुकर लावला आणि शेजारी जाऊन बसले. तिनं नवं पुस्तक उघडलं. आता ती मनातल्या मनात वाचते. मला काही ऐकू येत नाही.