रेनोचे मासे, माझा समुद्र

मी, आइली रौतिओ, कै. रेनो रौतिओ यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार डुलुथ, मिनेसोटा, धंदा शाळेची बस चालवणे (आता निवृत्त), डोकं ठिकाणावर असताना, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. त्यांना म्हणायला काय जातंय? छाती माझी फाडणार आहेत. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रेनोने सांगितलं आणि मी लिहिलं, एवढाच त्यात माझा भाग होता.

कलम १. राहतं घर व त्याखालची जमीन माझा एकुलता मुलगा आर्ने यास मिळावी. तो फीनिक्सला असतो आणि बर्फाचं नाव काढलं तरी त्याला शिंका येतात, तेव्हा तो घर विकणार हे उघड आहे. खुशाल विकावं.

कलम २. बँकेतली शिल्लकही आर्नेला. त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा आणि चर्चमधली कॉफी कडक असावी. रेनोच्या वेळची कॉफी म्हणजे गढूळ पाणी होतं, आणि बोल मला ऐकावे लागले.

कलम ३. रेनोची होडी, हत्यारं आणि गोठलेल्या तलावावर मासे धरायला बसायची खोपटी माझे थोरले दीर उर्हो यांस. बायको गेल्यापासून उर्हो आमच्याकडेच आहे. हा माणूस दिसेल ते घासतो. माझी लोखंडी कढई घासून घासून त्याने पार नागडी केली. घर विकल्यावर त्याने आर्नेने पाहून ठेवलेल्या वृद्धाश्रमात जावं.

कलम ४. माशांची टाकी. हे कलम नीट वाचावं, कारण यात जीव गुंतलेत.

टाकी रेनोची. चाळीस वर्षं तीत गोडं पाणी आणि त्याचे काळे मोली मासे. मला हात लावायची बंदी. दातांच्या डॉक्टरकडे एक खाऱ्या पाण्याची टाकी होती, तिच्यात नारिंगी पट्ट्यांचा मासा फुलासारख्या जिवात शिरून झोपायचा. तो बघायला मी दात ठणठणीत असतानाही जायची. रेनोला म्हटलं, "अरे, आपणही एकदा समुद्र करू या की." तो म्हणाला, "मीठ सूपमध्ये घालतात, आइली." विषय संपला. इतक्या मोठ्या तलावाच्या काठी जन्म काढला, पण सगळं पाणी गोडं. मला समुद्र हवा होता. मरणाआधी हवा होता, आणि याची मला लाज वाटत नाही.

रेनो गेला, पण त्याचे मोली मी टाकून देणार नव्हते. रागावले होते, निर्दय नव्हते. माशांच्या दुकानातली जिल म्हणाली, मोलींना हळूहळू सवय लावली तर ते पुऱ्या खाऱ्या पाण्यातही राहतात. म्हणून उन्हाळाभर थोडं थोडं समुद्री मीठ वाढवत आणलं. उर्हो रोज मागे उभा. "माशांचं लोणचं घालतेस काय गं?" एकही मोली मेला नाही. आता पाणी समुद्राइतकं खारट आहे.

आणि इथेच धोका आहे. आर्ने फोनवर म्हणाला, "आई, तुला काही झालंच तर मी येऊन सगळं पाणी बदलतो. बाबांची टाकी होती तशी करतो." बाळा, हे तू प्रेमाने करशील आणि एका दुपारीत बापाचे सगळे मासे मारशील. खाऱ्याला सवकलेला जीव एकदम गोड्यात टाकला की संपला.

दुसरा धोका गाळणीचा. रेनोचा डबा-फिल्टर अजून चालू आहे. माशांची घाण पचवणारे जंतू त्याच्या स्पंजात राहतात. तेही मिठाबरोबर हळूहळू रुळले. पण खाऱ्या पाण्यात असा डबा दर आठवड्याला उघडून धुवावा लागतो, नाहीतर आत साचलेली घाणच पाणी नासवते. हे माझ्यामागे कोण करणार? म्हणून मी जिवंत दगड आणले, म्हणजे समुद्रातले भोकाभोकांचे दगड, ज्यांच्या पोटात तेच जंतू राहतात. दगड टाकीत ठेवायचे, पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र लावायचं, मग डब्याची गरज नाही. दगड बादलीत खारं पाणी घालून तळघरात ठेवले आहेत. उद्या टाकीत जातील. सबब टाकी, दगड व यंत्र हे सर्व जिलच्या दुकानास

(इथे लिहिणं थांबवावं लागलं. पुढचं त्याच दिवशी.)

आज शनिवार. शनिवारी या घरात सौना तापतो, आम्हा फिनिश लोकांत तो चुकत नाही. तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची ही खोली तळघरात आहे. मी वरचं वाक्य लिहीत होते आणि जिन्यातून वास आला. करपलेल्या समुद्राचा. जिलने बजावून सांगितलं होतं, हे दगड कधी तापवू नका, त्यांच्यावरच्या काही जिवांचं विष वाफेत उतरतं आणि माणूस थेट दवाखान्यात जातो. मला जिना उतरताना कठडा धरायची ताकीद आहे. मी पळत उतरले.

माझे दगड शेगडीवर रचलेले. उर्हो बाकावर बसलेला, पाण्याचं ओगराळं उचललेलं.

"ओतू नकोस! उर्हो, ओतू नकोस मेल्या!"

"अगं, दार लाव, ऊब जातेय."

मी ओगराळं हिसकलं, त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं, दार आपटून बंद केलं आणि त्या टॉवेलमधल्या माणसाला पावसात अंगणात नेऊन उभं केलं. शेजारीण डोरीन कुंपणापलीकडून बघतच राहिली. माझ्या छातीत घण पडत होते. वाटलं, सोमवारपर्यंत कशाला थांबायचं, इथेच आटपतंय.

"श्वास घे. खोकला येतोय? जीभ झिणझिणतेय?"

"थंडी वाजतेय. झालं काय तुला?"

मग मी तोंड सोडलं. तुला डोळे आहेत की बटणं, बादलीत खारं पाणी दिसलं नाही, रेनोचे मासे मारलेस, म्हातारचळ लागलाय तुला. आलं ते बोलले. त्याने टॉवेल घट्ट खोचला. मग म्हणाला,

"सौनाचे दगड पिचलेत ना. बादली दाराशीच होती. मला वाटलं, दवाखान्यात जायच्या आधी तू माझ्यासाठी आणलेस."

रेनो गेल्यापासून या घरात उर्होसाठी म्हणून कोणी काही आणलेलं नाही. मीसुद्धा नाही.

डोरीनने आम्हा दोघांना आपल्या घरात नेलं, जिलला फोन केला. वाफ उठली नव्हती म्हणून बचावलो. दगड मात्र मेले. सोमवारच्या आत दुसरे मिळणार नाहीत. म्हणजे मोलींचा जीव आता रेनोच्या जुन्या डब्यावर, आणि डबा धुणाऱ्या माणसावर.

"दर आठवड्याला धुवायचा?" उर्होने विचारलं.

"न चुकता. पण नळाखाली नाही. नळाच्या पाण्यातल्या औषधाने जंतू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा. साबण नाही. ब्रश तर नाहीच नाही."

"म्हणजे घाणीतच धुवायचा." त्याचा चेहरा पडला. "जमवतो."

तेव्हा खालीलप्रमाणे दुरुस्ती करते.

कलम ३ मधलं शेवटचं वाक्य, वृद्धाश्रमाचं, रद्द.

कलम ४ (नव्याने). टाकी, डबा-फिल्टर, यंत्र व सर्व मोली उर्हो रौतिओ यांस. भरलेली टाकी हलवता येत नाही, म्हणून टाकीत एक जरी मोली जिवंत असेल तोवर उर्हो याच घरात राहील आणि आर्नेने घर विकू नये. पाणी खारंच राहावं. नारिंगी मासा मी परत आले तर मीच आणीन. नाही आले तर उर्होने आणावा आणि त्याच्यासमोर बसून थोडा वेळ काही न घासता नुसतं बघावं.

आर्ने, तू हिशेब मांडशील की मासे किती दिवस जगतील. मोली दर महिन्याला पिल्लं घालतात, बाळा. वकिलाला विचारून बघ.

हे सर्व मी वाचून, समजून, खाली नाव घातलं आहे.

आइली रौतिओ (सही)

आज, रविवारी, आम्हा दोघांदेखत तिने सही केली. तिचा हात थरथरत होता, डोकं नाही.
साक्षीदार: डोरीन लिंडग्रेन (सही), शेजारीण
साक्षीदार: वेन स्टुबी (सही), चर्चचे खजिनदार

(उर्होलाही सही करायची होती. ज्याला मिळतं त्याने साक्षीला राहू नये असं डोरीन म्हणाली, म्हणून तो टाकीपाशी बसला आहे.)

स्थळ: डुलुथ, मिनेसोटा
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२५, रविवार