फाटकावरचे करकोचे

घर, छपरासकट. वाफेचं न्हाणीघर, भट्टीसकट. मधमाश्यांच्या पेट्या, त्यातल्या एकीलाही आजवर फट पडलेली नाही. नाव, एक (ती तुम्ही लग्नाच्या आदल्या दिवशी बुडवलीत, पण तो दोष नावेचा नव्हता). सासूबाईंचा माग. सासूबाईंची शवपेटी (मापं त्यांनी स्वतः ताठ उभं राहून दिली, त्या अजून ठणठणीत आहेत आणि पेटीत कांदे ठेवतात). आणि फाटक.

आदरणीय अन्तोसदादा, नमस्काराच्या आधी यादी आली म्हणून रागावू नका. हे सगळं मी या दोन हातांनी केलं, कुणाकडे शिकायला न जाता, हे सांगणारा माणूस आता या गावात तुमच्यामागे उरला नाही, म्हणून आधी सांगून घेतलं. तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा रक्तदाब? पोलंडात औषधं मिळतात म्हणे, दुकानात जाऊन, मागितल्यावर. (वाटेत हे पाकीट उघडणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. ही तक्रार नाही, वर्णन आहे.) आम्ही सारे बरे आहोत. मालन्याने नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, अबोला धरलाय, पण ती तब्येतीची बाब नव्हे.

तर फाटक. तुम्ही गेलात तेव्हा ओकच्या फळ्या नुसत्या वाळत पडल्या होत्या. पुढे तीन हिवाळे मी त्या कोरत बसलो. दोन झडपा, प्रत्येकीवर एक करकोचा, समोरासमोर, एकही खिळा नाही, वरून जवसाचं तेल. नुसतं पाहून कुणीही म्हणेल की करकोचा कोरला. पण पाय पाहावेत, दादा. ज्याला लोक करकोच्याचा गुडघा म्हणतात तो खरं तर घोटा असतो, आणि म्हणून तो मागे दुमडतो. हे कळण्यासाठी मी एक अख्खा वसंत आपल्या पाणथळीत चिखलात पालथा पडून काढला. मालन्याला तेव्हा शेजारणी विचारायच्या, तुझा नवरा पितो का गं?

यंदा कापणीचा उत्सव आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आला. उत्सव म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे: मोठे पाहुणे येणार, गाड्यांचा ताफा आमच्या रस्त्यावरून जाणार, आणि रस्त्यावरून जे जे दिसतं ते ते सुखी दिसलं पाहिजे. सामूहिक शेतावरच्या धडधाकट गाई रस्त्याकडे आणल्या, हडकुळ्या टेकडीमागे नेल्या. मग जिल्हा समितीचे उपाध्यक्ष व्हिकेन्ती पाव्हलाविच यांच्या सहीचा कागद घरोघर आला: रस्त्याकडची सगळी कुंपणं आणि फाटकं शुक्रवारपर्यंत हिरवी, छटा ठरलेली, बाजू फक्त रस्त्याची. न झाल्यास काढून तिथे पत्रा बसवण्यात येईल.

ओकला तेलरंग! एकदा तो लाकडाच्या रेषांत शिरला की नातवंडांनी खरवडला तरी निघत नाही. मालन्या म्हणाली, लाव की, तुझ्या करकोच्यांना काय थंडी वाजते? पण मी हुकूम मोडणारा माणूस नाही. मी हलक्या फळ्यांचं एक आवरण केलं, फाटकावर पुढून अडकवायचं. ते रंगवायचं, ताफा गेला की उतरवायचं. फाटक अस्पर्श, सरकार खूश. राहिला फक्त रंग.

आता रंगाचं अर्थशास्त्र ऐका. मागे वरून जाहीर झालं की यापुढे भाव वाढण्यास मनाई आहे. मालन्याने दूरदर्शनसमोर टाळ्या वाजवल्या. भाव खरोखर जागच्या जागी थांबले. मग कारखान्याच्या लक्षात आलं की त्या भावात रंग केला तर डब्याचेही पैसे सुटत नाहीत, तेव्हा रंगही जागच्या जागी थांबला. आज आमच्या दुकानात रंग इतका स्वस्त आहे की मिळतच नाही.

मिळत नाही म्हणजे, एक डबा होता. फळीवर, काचेमागे, बरोबर तीच छटा. दुकान सांभाळणाऱ्या राईसा इग्नातव्ना तुम्हाला आठवतील, शाळेत तुमच्या मागच्या बाकावर बसायच्या. त्या म्हणाल्या, तो विकायचा नाही, तो सक्तीच्या मालाच्या यादीत आहे. तपासनीस आला आणि फळीवर डबा नसला तर दंड त्यांना.

"विकायचा नाही तर ठेवलाय कशाला?"

"असायला," राईसा म्हणाल्या. "ल्यावोन, बाबा, माझं पेन्शन एका वर्षावर आलंय. घरी जा, मध खा."

मी घरी जायला हवं होतं. पण दर्शनी मांडलेला माल ग्राहकाने मागितल्यास नाकारता येत नाही, हा नियम त्यांच्याच भिंतीवर चौकटीत टांगलेला होता, आणि ती चौकट मी केलेली होती. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. रांगेतल्या बायका हसल्या. राईसांनी डबा असा आपटला की काउंटरवरचं काकडीचं लोणचं हिंदकळलं.

घरी येऊन पटाशीने झाकण उचकटलं. आत वाळू. नदीकाठची, चाळलेली, कोरडी. (वजन मात्र लेबलाबरहुकूम अचूक होतं, कामात खोट नव्हती.) खरा रंग वसंतातच समितीच्या स्वतःच्या कुंपणाला लागला होता.

त्याच दुपारी तपासनीस आला. कसा नाही येणार? संध्याकाळी तो, व्हिकेन्ती पाव्हलाविच आणि रडून डोळे लाल झालेल्या राईसा असे तिघे माझ्या अंगणात उभे. एक कागद म्हणत होता, डबा तत्काळ परत करा. दुसरा म्हणत होता, शुक्रवारपर्यंत रंगवा. दोन्हींवर सही एकच. मी म्हटलं, साहेब, आत वाळू आहे. ते म्हणाले, यादीत आतलं काही लिहिलेलं नाही, यादीत डबा लिहिलाय. मग तपासनीसाला वाकलेलं झाकण दिसलं. उघडलेला माल फळीवर चालत नाही. राईसांना दंड झाला, आणि हिवाळ्यातल्या तपासणीला डबा नसेल तर पेन्शनआधी घरी, असंही तिथंच सांगून टाकलं. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुझं नेहमी बरोबरच असतं रे, ल्यावोन." शिवी दिली असती तर परवडलं असतं.

गुरुवारी पत्र्याचा ट्रक येणार होता. मी फाटकाला पाठ लावून सकाळपासून बसलो. पण पत्र्याचाही भाव थांबवलेला, त्यामुळे पत्राही नव्हता. त्याऐवजी राजधानीतून छापील कापड आलं. रस्त्याकडची जी जी गोष्ट हिरवी झाली नव्हती तिच्यावर ते ताणून बसवलं. आणि दादा, माझ्या फाटकावर त्यांनी काय बसवलं? फाटकाचं चित्र. कोरीव लाकडी फाटक, दोन करकोचे समोरासमोर. माझ्या करकोच्यांवर करकोचे!

त्यांचे घोटे पुढे दुमडलेले होते. माणसासारखे. जणू दोन कारकून खुर्चीत बसलेत.

मी शिडी घेऊन निघालो होतो, खोटं कशाला सांगू, पाय दुरुस्त करायला कोळसा खिशात होता. मालन्याने शिडी धरून ठेवली आणि शांतपणे विचारलं, कोठडीत मध कोण पोचवणार? शनिवारी ताफा गेला, धुरळा सोडून. रविवारी कळलं की पाहुण्यांनी धावत्या गाडीतून कौतुक केलं: वा, किती सुंदर जुनी कारागिरी. म्हणून कापड काढायचं नाही असा हुकूम झाला. तेव्हापासून आम्ही घरात बटाट्याच्या वाफ्यांतून जातो, आणि सासूबाई दर खेपेला म्हणतात की माझी पेटी मात्र फाटकातूनच न्या, वाफे तुडवू नका.

थोरांना नमस्कार, लहानांना पापा. तुमच्या कंबरेसाठी मेण पाठवतोय.

तुमचा धाकटा भाऊ,
ल्यावोन

ता.क. मी कुणाकडे काही मागत नाही हे तुम्ही जाणता. तरी पुतण्या नाताळात येईल तेव्हा त्याच्याबरोबर हिरव्या तेलरंगाचा एक सीलबंद डबा पाठवा, तीन किलोचा. लेबल राईसा बदलून घेतील. त्यांना माझं नाव सांगू नका. डबा रिकामा असला तरी चालेल, वाळू इथे आहे, फक्त झाकण वाकलेलं नको.

ता.क. २. पाकीट उघडणाऱ्या साहेबांसाठी: पाकिटाला लावलेला सरस मी घरी उकळलेला आहे, दुकानातल्या डिंकाने पुन्हा चिकटवाल तर ओळखू येईल.

ता.क. ३. हे मालन्याला कळलेलं नाही, वहिनींनाही सांगू नका, त्या फोनवर बोलतात. काल व्हिकेन्ती पाव्हलाविच एकटेच, बटाट्यांतून, आले होते. पाहुणे पुढच्या वर्षी उतरून फाटकाला हात लावून पाहणार आहेत, आणि कापडाला हात लावता येत नाही. तेव्हा जुनं फाटक काढून त्याच जागी चित्राबरहुकूम नवं करून द्यावं, असं ते म्हणाले. मी कापडाचा कोपरा उचलून त्यांना खालचे करकोचे दाखवले. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाले, छान आहेत, पण पाहुण्यांनी हे पाहिलेले नाहीत, पाय पुढेच दुमडायला हवेत. मी नाही म्हणालो. नऊ हजार रुबल देत होते, ओकचं लाकूडही त्यांचंच.